खुबा मोडल्यावरचे पहिले दोन दिवस

आजी न्हाणीत घसरून पडल्या आणि उठताच येईना. घरच्यांनी पाहिलं, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय. एवढ्या खुणांवरून अनुभवी डॉक्टर एक्स-रे निघण्याआधीच ओळखतात, खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन कोणतं आणि त्याची घाई कशासाठी, हे मात्र वयानुसार इतकं बदलतं की थक्क व्हावं.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळ्याखालच्या अरुंद भागाला हाडाची मान म्हणतात. मोठ्या माणसात गोळ्याला रक्त पोचतं ते मुख्यतः या मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. इथे हाड मोडून सरकलं की त्या तुटतात, दबतात आणि गोळा आतल्या आत मरू शकतो. पण हेच हाड मानेच्या जरा खाली मोडलं, तर तिथे रक्त मुबलक असतं. प्लेट किंवा रॉड टाकून नीट बसवलं की ते बहुधा जुळतं. जेमतेम दोन बोटांच्या अंतराने सगळा हिशेब पालटतो!

पस्तिशीतला तरुण मोटारसायकलवरून पडून गोळ्याखालची हाडाची मान मोडून आला, तर सर्जन स्क्रू टाकून त्याचा स्वतःचा गोळा वाचवायची शिकस्त करतात. पंचाहत्तरीच्या आजींचा सरकलेला गोळा मात्र बहुतेक वेळा काढून धातूचा बसवतात. म्हणजे आजींच्या बाबतीत गोळ्याची काळजी मिटली. तरीही त्यांना घाई आहेच, कारण त्यांचा खरा वैरी अंथरूण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं! मोडक्या खुब्याने पडून राहणाऱ्याला त्यात न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या यांचाही धोका.

मग सहा तासांतच ऑपरेशन केलं तर? भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवर हे तपासलं गेलं आणि निष्कर्ष २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं २४ तासांत. मृत्यूंच्या प्रमाणात ठोस फरक पडला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. माझ्या मते आजींसाठी हे उभं राहणंच मोठं.

हे झालं दवाखान्यात पोचल्यानंतरचं. पण तिथवर पोचण्याचं काय? उदाहरणच घ्यायचं तर सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय आहे, १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावकऱ्यांनी सुगीत ज्वारी देऊन आरोग्य विमा घ्यावा, अशी योजनाही इथेच निघाली. पैशाअभावी उपचार अडू नयेत, यासाठीची ही धडपड. पण ‘आता वय झालं, कशाला ऑपरेशन?’ म्हणत घरातच चार दिवस गेले, तर कोणता सर्जन ते परत आणणार? उतारवय हे ऑपरेशन टाळण्याचं कारण नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत पडून राहणंच जास्त जोखमीचं ठरतं.

म्हणून घरातलं वयस्कर माणूस पडलं आणि जांघेत दुखू लागलं, तर चोळू नका, पाय ओढू नका, चालवूनही बघू नका. हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील, तर मोडल्या खुब्यानेही माणूस चार पावलं टाकू शकतं. त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या.