फाशी सुनावली, पुढे काय?

नांदेड जिल्ह्यात भोकर तालुक्यातल्या दिवशी या गावात जानेवारी २०२१ मध्ये पाच वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. मार्च संपायच्या आत भोकरच्या सत्र न्यायालयानं आरोपीला फाशी सुनावली. असा निकाल लागला की याच जिल्ह्यातल्या कंधारच्या बसस्थानकावर असो की कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर, बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबतं : बरं झालं, लटकवा एकदाचं.

या वाक्यामागचा संताप खोटा नाही. पण सत्र न्यायालयानं फाशी सुनावली म्हणजे फाशी झाली, असं होत नाही. कंधारला अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. तिथं एखाद्या खून खटल्यात फाशी सुनावली गेली, तर आरोपीनं अपील केलं नाही तरी कागद उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला पाठवावेच लागतात. उच्च न्यायालयानं शिक्षा कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी करता येत नाही. मग सर्वोच्च न्यायालयात अपील, त्यानंतर पुनर्विचार याचिका. फाशीच्या प्रकरणात ही याचिका २०१४ पासून तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात ऐकावी लागते. शेवटी राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. एवढं सगळं पार पडलं तरी मराठवाड्यातल्या एकाही तुरुंगात फाशीची सोय नाही. राज्यात ती येरवडा आणि नागपूर या दोनच ठिकाणी आहे. राज्यातली शेवटची फाशी नागपुरात ३० जुलै २०१५ रोजी झाली, याकूब मेमनची.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या पाच टक्क्यांहूनही कमी निघाल्या. अभ्यासातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गरीब घरांतले होते. २०२४ च्या अखेरीस देशात फाशी सुनावलेले ५६४ कैदी तुरुंगात होते.

इतकी गळती का होते? १९५५ पर्यंत खुनाला फाशी हाच नियम होता. न्यायाधीशानं ती दिली नाही तर कारण लिहावं लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं हे उलटं केलं : जन्मठेप नियम झाली आणि फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहिणं भाग पडलं. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं फाशी घटनात्मक ठरवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरतीच. विरोधातलं एक मत न्या. भगवतींचं होतं. दुर्मिळ काय हे शेवटी समोर बसलेल्या न्यायमूर्तींवर अवलंबून राहणार, ही त्यांची हरकत. ती किती खरी होती हे कळायला आपल्याच मुलखातल्या सहा माणसांची गोष्ट पुरेशी आहे.

जून २००३. नाशिक रोडजवळ बेलतगव्हाण शिवारात झोपडीत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा वाचले. गुन्हा भीषण होता, यात कुणाचंही दुमत नाही. पोलिसांनी पकडलेले सहा जण जालन्याकडचे, भटक्या जमातींतले, मोलमजुरी करणारे. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं २००७ मध्ये तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. पुरावा तोच, आरोपी तेच.

पुढे उघडं झालं की त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. २०१२ मध्ये देशातल्या चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं, की चुकीच्या पायंड्यावर विसंबून काही फाशीच्या शिक्षा दिल्या गेल्या आहेत. त्यांत हे प्रकरणही होतं. आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या आईनं पोलिसांच्या दप्तरातल्या फोटोंमधून चार भलतीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

दयेचा अर्ज मधल्या काळात फेटाळला गेला असता, तर २०१९ चा निकाल ऐकायला हे सहा जण नसते. फाशी रद्द करा म्हणणाऱ्यांचं सगळ्यात वजनदार कारण मला हेच वाटतं. अहिंसा, मानवी हक्क हे नंतर. भीषण गुन्ह्यात पोलिसांवर कुणाला तरी पकडण्याचा दबाव असतो, आणि जामीन द्यायला माणूस नाही, वकील ठेवायला पैसा नाही, जन्मदाखला दाखवायला कागद नाही, तो पटकन हाती लागतो. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी सुनावलेला कैदी गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे मान्य होऊन तो सुटायला २०२३ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं!

तरीही मागणी फाशीचीच होते, आणि ती एकाच समाजाची नाही. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडानंतर २००६ मध्ये दलित वस्त्यांतून फाशीची मागणी उठली. कोपर्डीत मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाल्यानंतर २०१६ मध्ये नांदेड-लातूरसह सगळ्या मराठवाड्यात लाखोंचे मराठा मोर्चे निघाले, त्यांतही पहिली मागणी तीच होती. त्या वेळी ‘चौरंग करा’ म्हणणारेही पुष्कळ होते. शिवाजी महाराजांनी रांझ्याच्या पाटलाचा चौरंग केला, म्हणजे हातपाय तोडले होते, जीव घेतला नव्हता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? आणि घटना समितीत ३ जून १९४९ रोजी, फाशीच्या प्रकरणांत अपिलाचा हक्क वाढवण्यापेक्षा फाशीच रद्द करणं बरं, असं म्हणणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. हेही आज दोन्हीकडच्या मोर्च्यांत कुणी सांगत नाही.

फाशी मागण्यामागे एक समजूत पक्की असते : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग गडी गावात हजर. तसं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत तुरुंग, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच, गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सांगितलं आहे. चौदा वर्षं ही शासनानं सुटकेचा विचार करण्याआधीची किमान मुदत आहे. २००८ पासून सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक वाट काढली : फाशी नको, पण पंचवीस-तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूटही नको. २०१५ मध्ये घटनापीठानं ती मान्य केली. खैरलांजीतल्या फाशीच्या शिक्षा २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणल्या होत्या. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या विधी आयोगानं ऑगस्ट २०१५ मध्ये, दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करा, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

फाशीच्या विरोधकांचं एक चुकतं. ते आरोपीबद्दल भरभरून बोलतात आणि लेकरू गमावलेल्या आईबापाला दोन ओळींत उरकतात. त्या घरानं काय करायचं? पण फाशी त्या घरालाही काय देते, ते पाहा. मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जांवर सरकारी पातळीवर जवळजवळ आठ वर्षांचा उशीर झाला म्हणून उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. एवढी वर्षं त्या मुलांच्या घरच्यांनी दर तारखेला जखम उघडी ठेवली. सुरुवातीलाच सुटकेविना कैद झाली असती तर प्रकरण तेव्हाच मिटलं असतं.

फाशीनं जरब बसते, असं म्हणतात. पण गुन्हेगाराला भीती पकडलं जाण्याची असते, आणि तपास ढिसाळ असेल तर तीही उरत नाही. म्हणून माझं मत फाशी रद्द करण्याच्या बाजूनं आहे. तिच्या जागी न्यायालयानं ठरवलेली, सूट नसलेली दीर्घ कैद असावी आणि तपासाला पुरेशी माणसं, पुरेसा पैसा मिळावा. बेलतगव्हाणच्या त्या पाच खुनांत २०१९ च्या निकालानंतर दोषी म्हणून एकही नाव उरलं नाही.