आंबागड पाहावा तो पाण्यापासून

नाकाडोंगरी म्हटले की मँगनीजच्या खाणी आणि सागाचे जंगल एवढेच डोळ्यांसमोर येते. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील या गावातून तुमसरच्या दिशेने यावे आणि पश्चिमेकडील सातपुड्याच्या रांगेशी वळावे, की एका टेकडीवर झाडीत बुडालेला तट दिसू लागतो. हाच आंबागड.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ.स. १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. नागपूर शहर वसविणारा राजा तो हाच. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला व त्याचा तुरुंग झाला. कैद्यांना तेथील विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका आहे. ती पर्यटकांना भारी आवडते. मात्र तिच्यापायी एक साधी गोष्ट नजरेआड होते. गडावरील शिबंदी जगत असे ती साठविलेल्या पाण्यावरच. डोंगरी किल्ल्याला वेढा पडला की तट ढासळण्याआधी पाणी संपते. म्हणून पावसाचा थेंब न् थेंब अडवावा लागे. गाळ उपसणारे हात गेले की तेच पाणी कुजते. विषाचा उलगडा कदाचित एवढाच असावा.

भग्न डोंगरी किल्ल्यांचे वेड जपानमध्येही आहे. ह्योगो प्रांतातील ताकेदा किल्ला ३५३ मीटर उंचीच्या डोंगरावर असून इ.स. १६०० नंतर तो ओस पडला. लाकडी इमारती गेल्या, चुन्याविना रचलेले दगडी तट तेवढे उरले. शरद ऋतूतील पहाटेच्या धुक्यात ते ढगांवर तरंगल्यासारखे भासतात. २०१० नंतर त्याची कीर्ती पसरली आणि एवढी गर्दी लोटली की पायांखालची माती झिजून तटांनाच धोका निर्माण झाला. अखेर वाटा आखून द्याव्या लागल्या.

आंबागडाला गर्दीचे भय नाही. त्याचा शत्रू मुळे. सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप छाटले तर पुन्हा फुटते, उपटले तर दगडही सोबत येतो. म्हणूनच अशा तटांची डागडुजी सावकाश, दगड-दगड मोजून करावी लागते. पाहणाऱ्याने निदान तटावर चढू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ येथे जाण्यास उत्तम. महाशिवरात्रीला जवळच्या गायमुख येथे यात्रा भरते, तेव्हा दोन्ही स्थळे एका दिवसात पाहता येतात. पिण्याचे पाणी मात्र सोबत न्यावे.