समुद्रशेवाळ सांडपाण्यातली घाण कशी काढतं?

आपल्या मोरीतलं पाणी आणि शेतातलं खत शेवटी समुद्राला मिळतं. त्यातला नायट्रोजन व फॉस्फरस हे शेवाळाचं अन्न. ते बेसुमार वाढून कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. २००८ मध्ये ऑलिम्पिकच्या तोंडावर चीनमधल्या चिंगदाओच्या किनाऱ्यावरून १० लाख टनांहून जास्त शेवाळ काढावं लागलं.

हीच भूक कामाला लावता येते. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्स नदीच्या मुखाशी संशोधकांनी दोरांवर ग्रॅसिलेरिया शेवाळ वाढवलं. ते कापून बाहेर काढलं, की शोषलेला नायट्रोजनही बाहेर येतो. आम्ही वर्गात सांगतो, शेवाळ केर गोळा करतं, पण उचलायचा आपणच. वेळेवर कापलं नाही, तर सगळं परत पाण्यात! आणि हो, घाण पाण्यातलं शेवाळ जड धातूही शोषतं. ते ताटात नको.