विश्लेषण : मुंबईच्या फुटबॉलपटूला मुंबई का सोडावी लागते? जयेश राणेची कारकीर्द काय सांगते?

जानेवारी २०२४ मध्ये उरण मार्गावरील द्रोणागिरीपर्यंत लोकल पोहोचली. त्याच सुमारास मुंबईचा मध्यरक्षक जयेश राणे बंगळूरु एफसी सोडून मुंबई सिटी एफसीत दाखल झाला. मुंबई, चेन्नई, ऐजॉल, कोलकाता, बंगळूरु आणि पुन्हा मुंबई असा त्याचा प्रवास. द्रोणागिरी, उरण, पनवेल परिसरात व्यावसायिक फुटबॉलचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांनी आणि पालकांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात कुठून झाली?

राणे मुंबई एफसीतून पुढे आला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) तो चेन्नईयिन एफसीकडून खेळला आणि २०१५ मध्ये विजेत्या संघाचा भाग होता. त्या काळी आयएसएल दोन-तीन महिन्यांत आटोपत असे आणि त्यानंतर आय-लीग सुरू होई. त्यामुळे एकच खेळाडू वर्षात दोन क्लबांकडून खेळू शके. २०१७-१८ पासून दोन्ही स्पर्धा एकाच वेळी होऊ लागल्या आणि खेळाडूंना एकाच स्पर्धेची निवड करावी लागली.

ऐजॉलचे वळण महत्त्वाचे का?

२०१६-१७ च्या आय-लीगमध्ये मिझोरामच्या ऐजॉल एफसीने विजेतेपद पटकावून देशाला चकित केले. प्रशिक्षक होते खालिद जमील. ते आणि राणे, दोघेही पूर्वी मुंबई एफसीत होते. विशेष म्हणजे आदल्या मोसमात ऐजॉलची पदावनती झाली होती; गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्याने त्यांना पुन्हा संधी मिळाली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला आणि पुढे बंदच झाला. मुंबईने घडवलेला खेळाडू मिझोराममध्ये विजेता ठरत असताना त्याचा जुना क्लब संपत होता.

पुढे काय झाले?

राणे कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. मार्च २०२० मध्ये फातोर्डा येथे रिकाम्या स्टेडियममध्ये झालेल्या अंतिम सामन्यात एटीकेने त्याच्याच जुन्या चेन्नईयिनला ३-१ असे नमवले. त्यानंतर एटीके आणि मोहन बागान एकत्र आले. २०२१ च्या अंतिम सामन्यात या नव्या संघाला मुंबई सिटीने २-१ असे हरवले. त्याच वर्षी राणे बंगळूरुकडे गेला.

खेळाडू इतके क्लब का बदलतात?

करार संपला की खेळाडू मुक्त होतो. करार सुरू असताना क्लब त्याला दुसरीकडे विकू किंवा उसना देऊ शकतो. हे जगभर चालते. भारतात मात्र क्लबच टिकत नाहीत. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्यातील भारत एफसी एकच आय-लीग मोसम खेळला. २०१९ मध्ये दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. म्हणजे मोठे मैदान जवळ आहे. मैदान असले म्हणून नोकरी पक्की होत नाही. २०२५-२६ चा आयएसएल मोसमही व्यावसायिक कराराच्या तिढ्यामुळे ठरल्या वेळी सुरू झाला नाही. त्यामुळे मुलाला अकादमीत घालताना चार गोष्टी विचाराव्यात : क्लबची युवा फळी आहे का, करार किती वर्षांचा, दुखापतीचा खर्च कोणाचा आणि शिक्षणाचे काय.

राणेला मुंबईच्या संघात परतण्यासाठी चार शहरे पालथी घालावी लागली. तरी तो भाग्यवान. जुना क्लब बंद झाला तेव्हा त्याच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा होता. प्रत्येकाच्या वाट्याला तो येतोच असे नाही.