मुनीमजींचे निवृत्तिवेतन आणि पेढीची जबाबदारी

पेढीवर २५-३० वर्षे हिशेब सांभाळणारे मुनीमजी ५८ वर्षांचे झाले, की कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ अन्वये त्यांना निवृत्तिवेतन मिळू शकते. अट किमान १० वर्षांच्या सभासदत्वाची. तरीही पहिली रक्कम हाती पडेपर्यंत अनेकांचे महिने लोटतात. बँकेत अशी प्रकरणे पाहताना ध्यानात आले, की विलंबाचे मूळ बहुधा नोंदींच्या तफावतीत असते. आधारवर एक नाव, निधीच्या खात्यात दुसरे, जन्मतारखेत फरक, पूर्वीची नोकरी सोडल्याची तारीखच नाही. यांतील काही दुरुस्त्यांना आजही मालकाचा दुजोरा लागतो.

म्हणून पेढीच्या मालकांनी वर्षभर आधीच या नोंदी पडताळाव्यात, वारसनोंद करवून घ्यावी आणि १०-डी हा अर्ज वेळेवर भरवावा. परिपूर्ण अर्ज २० दिवसांत निकाली निघावा, असा नियम आहे. अर्जाची पोच जपून ठेवावी. मुदत टळल्यास भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये. ज्या घरी एवढ्यावर औषधे येतात, तेथे महिन्याचा उशीरही जड जातो. हुंडीची मुदत पाळण्यात व्यापाऱ्याची पत असते. मुनीमजींचे हे देणेही त्याच पतीचे मानावे.