एक लाख चित्रं, एक डझन पेन्सिली

भाईंदरहून सुटलेली लोकल वसईची खाडी ओलांडून नायगावला थांबते, तेवढ्यात पाचेक मिनिटं जातात. खिडकीतून पाणी दिसतं, पाणजू बेट दिसतं, मिठागरं दिसतात आणि स्टेशन येतं. आता हीच पाच मिनिटं हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये दाखवायची ठरवू. किती चित्रं लागतील? शंभर? हजार? पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम सरकतात. मिनिटाच्या झाल्या १,४४०. पाच मिनिटांच्या ७,२००! नुसती खाडी ओलांडायला सात हजार दोनशे!

आता उलट दिशेची गाडी पकडू. नायगाव ते दादर, साधारण तासाभराचा प्रवास. एका तासाच्या फ्रेम होतात ८६,४००. हा आकडा कुठं पाहिलाय? दिवसाचे सेकंद मोजा, बरोबर तेवढेच! म्हणजे पडद्यावरच्या एका तासासाठी सेकंदाला एक या झपाट्यानं चित्रं काढली, तरी अख्खा दिवस आणि अख्खी रात्र हात थांबवता येणार नाही.

ॲनिमेटर यावर एक युक्ती करतात. एकच चित्र सलग दोन फ्रेम दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत काम भागतं. डोळा त्यांची सलग हालचाल कशी करतो ते डोळ्यावर सोपवू, आपण मोजत राहू. कारण काम निम्मं झालं म्हणावं, तर पडद्यावर दुसरं पात्र येतं. ते वेगळ्या कागदावर काढायचं. झाली का पुन्हा २४!

अडीच तासांचा सिनेमा घ्या. फ्रेम २,१६,०००. प्रत्येक चित्र तीनदा काढायचं: आधी रफ, मग स्वच्छ रेघांचं क्लीन-अप, मग रंगवलेलं. झाले ६,४८,००० कागद. ए-फोर कागद असतो २९.७ सेंटिमीटर लांब. हे सगळे एकापुढे एक अंथरले, तर लांबी भरते १९२ किलोमीटर. आणि सीएसएमटी ते पुणे हे रेल्वेचं अंतर किती? १९२ किलोमीटर! कल्याण गेलं, कर्जत गेलं, बोरघाट चढला, लोणावळा मागं पडलं, तरी खाली चित्रंच चित्रं!

एवढं काढतं कोण? १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतल्या कार्टून विभागात दाखल झालेले राम मोहन पुढं भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर त्यांनी रामायणावरचा जो चित्रपट केला, तोच २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरांत आला. त्यासाठी सुमारे ४५० कलावंतांनी जवळजवळ एक लाख सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक पत्रे, हातानं रंगवले.

एक लाख! हा आकडा नीट धरून ठेवा. बग्ज बनीच्या कार्टूनपटांचे दिग्दर्शक चक जोन्स लॉस एंजेलिसच्या कला विद्यालयात शिकत होते, तेव्हा शिक्षकांनी वर्गाला सांगितलं की प्रत्येकाच्या आत एक लाख वाईट चित्रं दडलेली असतात, ती जितक्या लवकर बाहेर पडतील तितकं बरं. जोन्सना हायसं वाटलं, कारण त्यांची दोन लाख केव्हाच काढून झाली होती! साडेचारशे जणांनी मिळून केलेल्या चित्रपटाला जेवढे सेल लागले, तेवढी चित्रं एकेका विद्यार्थ्यानं नुसत्या सरावाची काढायची.

नायगावच्या एखाद्या मुलीनं ती काढायला घेतली, तर? हिशेब मांडू. एक लाख कागद म्हणजे २०० रीम. वजन ५०० किलो, पाच क्विंटल! एकावर एक रचले तर १० मीटर. वसईच्या वाडीतल्या तीस फुटी विहिरीत तळापासून रचत आणले, तरी गठ्ठा काठाच्या वर डोकावेल. रुळांच्या कडेनं एकापुढे एक मांडले तर जवळजवळ ३० किलोमीटर. नायगावहून निघालेली रांग बोरिवली, अंधेरी ओलांडून सांताक्रूझच्या आसपास पोचेल! कागद आठ आण्याला एक धरला तर ५०,००० रुपये. पण हेच चित्र पाठकोऱ्या कागदावर काढलं, तर खर्च शून्य.

आता रेघ मोजू. झटपट स्केचमध्ये वीतभराच्या पंधराएक रेघा येतात, म्हणजे चित्रामागे ३ मीटर. लाख चित्रांची रेघ ३०० किलोमीटर! नायगावहून गुजरातच्या दिशेनं सोडली, तर सुरत ओलांडून भरूचलाही मागं टाकेल. आणि पेन्सिली किती? एका पेन्सिलीनं सुमारे ५६ किलोमीटर रेघ ओढता येते, असं सांगतात. म्हणजे सहा पुरल्या! निम्मी पेन्सिल तासण्यात गेली असं धरा, मग एक डझन. दहा रुपयांना एक धरली तर १२० रुपये!

वेळ? ॲनिमेशनच्या सरावात एक स्केच ३० सेकंदांत संपवतात. नाकडोळे सोडून द्यायचे, शरीराचा झोक पकडायचा. दारात लोंबकळणारा तरुण, पाटी डोक्यावर घेणारी कोळीण, डुलक्या काढणारे आजोबा: वजन कुठल्या पायावर आहे, खांदा किती कलला आहे, पाठीचा बाक कुठं वळतो, एवढंच टिपायचं. अशी लाख चित्रं होतात ८३३ तासांत. रोज एक तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षं. तीन वर्षांची पदवी हातात पडायच्या आत लाख पूर्ण! शेजारच्या जूचंद्रमध्ये रांगोळी कलावंतांचं अख्खं गाव उभं आहे. हाताला वळण लावणं या मातीला नवं नाही.

आता सगळ्यांनाच बसवू. ३० जणांच्या वर्गानं लाख-लाख चित्रं काढली, तर कागदांची रांग ८९१ किलोमीटर. मुंबई-नागपूर रेल्वेनं ८३७ किलोमीटर, नागपूरही मागं पडलं! १३४ जणांची रेघ जोडली तर ४०,२०० किलोमीटर, पृथ्वीला पूर्ण वेढा! आणि गर्दीच्या वेळी एवढी माणसं तर लोकलच्या एका डब्यात असतात. १,२८२ जणांची रेघ थेट चंद्राला टेकते. बारा डब्यांच्या भरल्या विरार लोकलमध्ये चार हजारांहून जास्त माणसं मावतात. त्या चार हजारांनी पेन्सिली उचलल्या, तर चित्रं होतील ४० कोटी आणि रेघ १२ लाख किलोमीटर! चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्रावर! आणि त्यासाठी एकेकाच्या वाट्याला काय? डझनभर पेन्सिली, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि दिवसातला एक तास!