पायथनचा मुहूर्त कोण काढतो?

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाला दोन तारखा आहेत. उद्घाटन झालं 11 डिसेंबर 2022 रोजी आणि हैदराबादहून प्रवासी घेऊन पहिलं विमान पेडणे तालुक्यातल्या त्या पठारावर उतरलं 5 जानेवारी 2023 रोजी. मधल्या 25 दिवसांचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. संगणकाच्या भाषांना ही सवलत नसते. नवी आवृत्ती जाहीर झाली की त्याच दिवशी फीतही कापली जाते आणि वाहतूकही सुरू होते. तीही जगभर.

पायथनची 3.13 ही आवृत्ती 1 ऑक्टोबर 2024 रोजी यायची होती. त्या दिवशी आली ती तिसरी ‘आरसी’, म्हणजे रिलीज कँडिडेट. मोठी चूक सापडली नाही तर हीच अंतिम, असं सांगून चाचणीसाठी दिलेली प्रत. खरं तर दोनच आरसी ठरल्या होत्या. पण मेमरीतला निरुपयोगी माल झाडून काढायची एक नवी पद्धत या आवृत्तीत घातली होती आणि तिच्यामुळे काही प्रोग्राम चांगलेच मंदावले होते. उत्तरं बरोबरच येत होती, फक्त उशिरा येत होती. रिलीज मॅनेजर थॉमस वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी ती पद्धत काढून जुनी परत बसवली. शेवटच्या क्षणी इतक्या खोलवर हात घातला म्हणून आणखी एक आरसी काढली. 3.13 आली 7 ऑक्टोबरला. पगार देणारा मालक नाही, दुकानात माल पोचवायची घाई नाही, तरी एका आठवड्याच्या उशिराचा जाहीर खुलासा करावा लागला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

3.9पासून पायथनची आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. तारीख आधी ठरते, आत काय असेल ते नंतर. पहिली बीटा, म्हणजे आरसीच्याही आधीची चाचणी-प्रत, निघाली की नवं काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. याच्या उलट टोकाला पर्ल 6. सन 2000मध्ये घोषणा झाली, आणि ‘नाताळला येईल, कुठल्या ते विचारू नका’ हा विनोद वर्षानुवर्षं चालला. आली ती 2015च्या नाताळला. तोवर बरेच लोक पायथनकडे निघून गेले होते. 2019मध्ये तर तिचं नावच बदलून राकू झालं. पूर्णत्वाची वाट पाहणाऱ्यांना मी म्हणूनच थोडा घाबरतो.

आपल्याकडच्या विरल शहांसह चौघांनी 2009मध्ये सुरू केलेल्या जूलियाने मधली वाट काढली. 8 ऑगस्ट 2018 रोजी 1.0 आली, आणि तिच्याच जोडीला 0.7. आतून जवळजवळ एकच. फरक इतकाच, की 0.7 जुन्या पद्धतीचा कोड चालवून घेई आणि ‘हे आता बदला’ अशी सूचना देई, 1.0 तो कोड चालवतच नसे. भाषा ‘तयार’ असण्याचा खरा अर्थ इथे दिसतो. चुका संपल्या असं नव्हे, तर आज लिहिलेलं उद्या आम्ही मोडणार नाही, हा शब्द दिला.

कधी कधी मात्र मोडावंच लागतं. ‘पेडणे’ हा शब्द घ्या. आपण तीन अक्षरं मोजतो. साध्या मजकुरातल्या या शब्दाची लांबी पायथन 2 सांगे 15, कारण ती बाइट मोजत होती. पायथन 3 सांगते 5, म्हणजे तीन व्यंजनं आणि दोन मात्रा. आपल्या मोजणीशी तेही जुळत नाही, पण निदान देवनागरीला देवनागरी म्हणून ओळखतं. या एका बदलासाठी, आणि अशाच आणखी काहींसाठी, 3 डिसेंबर 2008 रोजी जुन्या कोडशी नातं तोडणारी 3.0 आली. करणाऱ्यांच्या लेखी ती तयार होती. फाइल वाचण्या-लिहिण्याचं तिचं काम इतकं मंद होतं, की ते 2009च्या 3.1मध्ये सुधारावं लागलं. वापरणारे तर कितीतरी सावकाश आले. पायथन 2ची मुदत 2015ची होती, ती 2020पर्यंत वाढवली.

या सगळ्याचा पेडणे-डिचोलीशी संबंध शाळांमधून येतो. 2021पासून गोव्यात ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात. अशा वयात हाताशी येणाऱ्या स्क्रॅच या भाषेची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर उभी होती. 2020अखेर फ्लॅश बंद होणार, हे अडोबीने 2017मध्येच सांगितलं होतं. स्क्रॅच 3.0ची बीटा ऑगस्ट 2018मध्ये आली आणि अंतिम आवृत्ती 2 जानेवारी 2019 रोजी, म्हणजे हातात जवळपास दोन वर्षं राखून. जुने प्रकल्पही तिच्यात उघडत होते. मुलांसाठी भाषा करणाऱ्यांनी असंच वागावं. कारण शाळेतलं मूल बगची तक्रार नोंदवत नाही, आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसतं.

म्हणून रिलीजचा निर्णय दूरच्या तज्ज्ञांवरच सोडावा, हे मला पटत नाही. पायथनची पहिली आरसी जुलैअखेर-ऑगस्टच्या सुमारास येते, आपल्याकडे चतुर्थीची चाहूल लागलेली असते तेव्हा. ती लॅबमधल्या एकाच संगणकावर घालून गेल्या वर्षीचे प्रोग्राम चालवून बघता येतात, आणि अडलं तर शिक्षकांना तक्रार नोंदवता येते. ती वाचली जाते. बाकीचे संगणक जुन्याच आवृत्तीवर राहू द्यावेत, घाई नाही. 3.13ला ऑक्टोबर 2029पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. ती आली तेव्हा सहावीत असलेलं मूल तोवर अकरावीत असेल.